पाऊल उचलणारी वीज : पेरोनियल स्टिम्युलेटरचा इतिहास

१/
पक्षाघाताच्या झटक्यातून वाचलेला माणूस काही आठवड्यांनी उभा राहू लागतो, भिंतीचा आधार घेत चालूही लागतो. पण पुष्कळदा एका पायाचे पाऊल पुढे टाकताना वर उचललेच जात नाही. चवडा जमिनीला घासतो, सतरंजीच्या काठाला बोटे अडकतात आणि प्रत्येक पावलाला पडण्याची धास्ती वाटते. वैद्यकात याला 'फूट ड्रॉप' म्हणतात. आपण 'लोंबते पाऊल' म्हणू. गुडघ्याखाली बांधायचे एक लहानसे विद्युत्-यंत्र हे पाऊल नेमक्या क्षणी उचलून देऊ शकते. असे यंत्र १९६१ साली वैद्यकीय जगापुढे मांडले गेले. मात्र वीज लावून लुळा अवयव हलवण्याची कल्पना त्याहून दोनशे वर्षांनी जुनी आहे. मग मधली दोनशे वर्षे काय अडले होते? या दीर्घ धाग्यात त्याचाच मागोवा घेऊ.

२/
आधी शरीराची व्यवस्था समजून घेऊ. पाऊल वर उचलणारा मुख्य स्नायू नडगीच्या पुढच्या बाजूला असतो. त्याला हुकूम पोहोचवणारा पेरोनियल मज्जातंतू गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, पोटरीच्या बारीक हाडाच्या डोक्याला वळसा घालून खाली उतरतो. तिथे तो त्वचेच्या अगदी जवळ असतो. हुकूम मेंदूतून निघतो, मज्जारज्जूतून खाली येतो आणि तिथल्या पेशी तो या तंतूच्या हवाली करतात. पक्षाघातात बिघाड होतो तो वरच्या टप्प्यात. मेंदूतला हुकूम देणारा भाग जखमी होतो. खालचा तंतू आणि स्नायू मात्र जिवंत असतात. कचेरीतला साहेब आजारी पडावा आणि टपालवाला निरोपाची वाट पाहत दारात बसून राहावा, तशी ही अवस्था. या एका वस्तुस्थितीवर पुढचा सारा इतिहास उभा आहे.

३/
विजेचा औषध म्हणून वापर विजेची ओळख पटण्याच्याही आधीचा आहे. रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात डोकेदुखी आणि संधिवाताच्या वेदनेवर 'टॉर्पेडो' या झटका देणाऱ्या माशाचा स्पर्श सुचवला होता. आपल्याकडे चरकसंहितेने पक्षाघाताची गणना वातव्याधींत केली आणि मराठीतला 'अर्धांगवायू' हा शब्द आजही त्या विचाराची खूण बाळगून आहे. शरीरातून काहीतरी वाहते आणि ते अडले की अंग लुळे पडते, ही समजूत अनेक संस्कृतींत होती. अठराव्या शतकातल्या युरोपला वाटले, ते वाहणारे 'काहीतरी' आपल्या हाती लागले आहे.

४/
कारण १७४५-४६ च्या सुमारास वीज साठवणारी बरणी तयार झाली. पोमेरेनियातील क्लाइस्ट आणि हॉलंडमधील लायडन शहरातील मुसेनब्रुक यांनी स्वतंत्रपणे हा शोध लावला; पुढे तिला 'लायडन जार' हे नाव पडले. आता हवा तेव्हा, हवा तेवढा झटका देता येऊ लागला. जिनिव्हातील जाँ जालाबेर याने हातोड्याच्या घावाने उजवा हात निकामी झालेल्या, कुलपे बनवणाऱ्या एका कारागिरावर विजेचे प्रयोग केले आणि १७४८ साली त्यांचे वृत्त प्रसिद्ध केले. हातात हालचाल परतू लागल्याची ती बातमी युरोपभर गेली. पॅरिसमध्ये अ‍ॅबे नोले याने लुळ्या पडलेल्या सैनिकांवर तसेच प्रयोग करून पाहिले; त्याच्या पदरी मात्र निराशा आली.

५/
या काळातील सर्वांत प्रामाणिक साक्ष बेंजामिन फ्रँकलिनची आहे. विजेवरच्या प्रयोगांमुळे त्याचे नाव गाजले, तसे पेनसिल्व्हेनिया आणि शेजारच्या प्रांतांतून लोक आपल्या लुळ्या नातलगांना त्याच्याकडे घेऊन येऊ लागले. तो रुग्णाला खुर्चीत बसवून दुखऱ्या अंगातून ठिणग्या काढी; मग दोन मोठ्या काचेच्या बरण्यांत साठवलेली वीज त्या अंगातून सोडी, बहुधा दिवसातून तीन वेळा. डिसेंबर १७५७ मध्ये लंडनचे वैद्य जॉन प्रिंगल यांना लिहिलेल्या पत्रात त्याने हे सारे तपशील दिले आहेत. अंगात ऊब येई, रात्री मुंग्या आल्यासारखे वाटे आणि दुसऱ्या दिवशी हात थोडा अधिक वर उचलला जाई. रुग्ण हरखून जात.

६/
पण साधारण पाचव्या दिवसानंतर सुधारणा थांबे. माणसे खचून घरी परतत आणि थोड्याच काळात पूर्ववत होत. पक्षाघातात विजेने टिकाऊ लाभ झाल्याचे आपण पाहिले नाही, असा स्पष्ट निर्वाळा फ्रँकलिनने दिला. शिवाय जो तात्पुरता लाभ दिसला, तो प्रवासातल्या व्यायामाचा आणि बरे होण्याच्या आशेने आलेल्या उमेदीचा परिणाम असू शकेल, अशी शंकाही त्याने नोंदवली. ज्या विद्येने त्याला कीर्ती दिली, तिच्याच मर्यादेची ही कबुली होती. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला हे पत्र फार मोलाचे वाटते. तरीही त्यातला एक शब्द नीट पाहायला हवा : 'टिकाऊ'. फ्रँकलिनच्या दृष्टीने जे टिकले नाही ते फसले. वीज लावली असतानाच हात हलतो, या गोष्टीचे आणखी काही करता येईल, हा विचार तेव्हा कुणाच्या मनात येणे शक्यच नव्हते. दोन प्रचंड बरण्या कमरेला बांधून कोण चालणार?

७/
१७९१ साली बोलोन्यातील शरीरशास्त्राचे अध्यापक लुईजी गॅल्वानी यांनी बेडकांच्या पायांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. धडापासून वेगळ्या केलेल्या पायाच्या मज्जातंतूला विजेचा स्पर्श होताच पाय झटकन आखडे. ही वीज प्राण्याच्या शरीरातली की धातूंच्या स्पर्शातून आलेली, यावर गॅल्वानी आणि व्होल्टा यांचा गाजलेला वाद झाला आणि त्यातूनच १८०० साली व्होल्टाचा विद्युत्-घट जन्माला आला. वाद गाजला, पण आपल्या विषयासाठी मोलाची होती ती साधी वस्तुस्थिती : मेंदूशी संबंध तुटला, तरी खालचा तंतू शाबूत असेल तर स्नायू हुकूम पाळतो. तो हुकूम कोठून आला, याची तो चौकशी करत नाही.

८/
ही वस्तुस्थिती रुग्णाच्या अंगावर पडताळून पाहण्याचे श्रेय फ्रेंच वैद्य ग्विलोम द्युशेन याला द्यावे लागेल. १८३१ मध्ये फॅरेडेने विद्युत्-प्रवर्तन शोधल्यावर वेटोळ्याचे छोटे यंत्र हाताशी आले. ओलसर अग्रे त्वचेवर टेकवून एकेक स्नायू वेगवेगळा हलवण्याची पद्धत द्युशेनने विकसित केली आणि १८५५ साली तिच्यावर ग्रंथ लिहिला. मेंदूतल्या बिघाडाने अंग लुळे पडले असेल, तर स्नायू विजेला प्रतिसाद देतो. शिशाच्या विषबाधेसारख्या कारणांनी खालचा तंतू गेला असेल, तर तो प्रतिसाद मावळतो, हा भेद त्याने ठळक केला. म्हणजे कोणत्या लुळेपणात वीज उपयोगी पडू शकेल आणि कोणत्यात नाही, याची किल्ली एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरच हाती आली होती.

९/
तरीही कुलूप उघडले नाही. वैद्य विजेकडे उपचार म्हणूनच पाहत राहिले : रुग्णाला झोपवायचे, वीस मिनिटे स्नायूला झटके द्यायचे, घरी पाठवायचे आणि पुढच्या आठवड्यात काही फरक पडला का ते पाहायचे. दुसरीकडे बाजारात विजेचे पट्टे, विजेच्या पेट्या यांचा सुळसुळाट झाला. अशक्तपणापासून अपचनापर्यंत सगळ्यावर रामबाण म्हणून ते विकले जात. भोंदूंच्या गर्दीत खरी गोष्टही बदनाम होते, तसेच झाले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत प्रतिष्ठित वैद्यकाने विद्युत्-उपचारांपासून बरेचसे अंग काढून घेतले. रोगनिदानापुरती आणि व्यायामोपचारांच्या एका कोपऱ्यात तेवढी वीज उरली.

१०/
मग १९४७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर तयार झाला. काचेच्या व्हॉल्व्हची जागा शेंगदाण्याएवढ्या वस्तूने घेतली आणि विद्युत्-यंत्रे खिशात मावू लागली. ऑक्टोबर १९५८ मध्ये स्टॉकहोममध्ये पहिला पेसमेकर माणसाच्या शरीरात बसवला गेला. पेसमेकरने एक मानसिक अडसरही दूर केला. तो हृदयविकार बरा करत नाही. हृदय चुकते तेव्हा तो त्याच्या वतीने ठोका देतो, इतकेच. यंत्र काढले की रोग जिथल्या तिथे. तरी त्याला कुणी अपयश म्हटले नाही. 'बरे करणे' आणि 'सोबत करणे' यांतला फरक वैद्यकाला येथे प्रत्यक्ष दिसला.

११/
१९६१ साली व्लादिमीर लिबरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात आपला निबंध प्रसिद्ध केला. रचना थक्क करणारी साधी होती. कमरेला एक विद्युत्-पेटी, गुडघ्याखाली पेरोनियल मज्जातंतूवर एक अग्र आणि लुळ्या पायाच्या बुटात टाचेखाली एक बटण. टाच जमिनीवरून उठली की बटण सुटे, वीज सुरू होई आणि पाऊल वर येई. टाच टेकली की वीज बंद. मेंदूने जो निरोप पाठवायचा, तो आता टाच पाठवू लागली. लिबरसन यांनी या पद्धतीला 'कार्यात्मक विद्युत्-उपचार' म्हटले. 'कार्यात्मक' हा शब्द महत्त्वाचा, कारण येथे स्नायू हलवायचा होता तो हलवण्यासाठी नव्हे, तर पाऊल टाकण्यासाठी.

१२/
फ्रँकलिनच्या पत्राशेजारी हा निबंध ठेवून पाहा. १७५७ चा प्रश्न होता : वीज काढून घेतल्यावर रुग्ण हालचाल करू शकेल का? १९६१ चा प्रश्न आहे : वीज सोबत असताना रुग्ण चालू शकेल का? उत्तरात बदल झाला तो प्रश्न बदलल्यामुळे. गंमत अशी की पहिला प्रश्नही पूर्णपणे निकालात निघाला नाही. यंत्र वापरून काही काळ चालल्यावर काही रुग्णांना यंत्र बंद असतानाही थोडा वेळ पाऊल उचलता येते, असे लिबरसन यांच्या पाहण्यात आले. हा 'मागे उरणारा' परिणाम का होतो, कुणात होतो आणि किती टिकतो, यावर आजवर संशोधन चालू आहे. १९६२ मध्ये मो आणि पोस्ट यांच्या लेखात 'फंक्शनल इलेक्ट्रिकल स्टिम्युलेशन' हे नाव आले आणि ते रूढ झाले. आज ते 'एफईएस' या आद्याक्षरांनी ओळखले जाते.

१३/
यानंतर कथेचे केंद्र एका अनपेक्षित ठिकाणी सरकते : तत्कालीन युगोस्लाव्हियातील ल्युब्लियाना. तेथील विद्यापीठात लोइझे व्होदोव्निक या विद्युत्-अभियंत्याने अभियंते आणि पुनर्वसनतज्ज्ञ यांना एकत्र आणले. शहरातल्या पुनर्वसन संस्थेत फ्रान्यो ग्राचानिन यांच्यासारखे वैद्य होते. रुग्ण एका मजल्यावर आणि यंत्र तयार करणारे त्यांच्या अवतीभवती, अशी ही व्यवस्था होती. 'फेपा' नावाचा पेरोनियल स्टिम्युलेटर गोरेन्ये या घरगुती उपकरणे बनवणाऱ्या कंपनीने तयार केला. शीतयुद्धाच्या काळात दोन्ही गटांपासून अंतर राखणाऱ्या या देशात, अ‍ॅड्रिॅटिकच्या किनाऱ्यावर मानवी अवयवांच्या बाह्य नियंत्रणाविषयी आंतरराष्ट्रीय परिषदा भरत. पूर्व आणि पश्चिमेचे संशोधक तेथे समोरासमोर बसत. विज्ञानाचा नकाशा नेहमी महासत्तांच्या राजधान्यांतूनच काढावा लागतो असे नाही, याचे हे उत्तम उदाहरण.

१४/
अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळच्या रँचो लॉस अमिगोस रुग्णालयाने वेगळी वाट धरली. पोलिओच्या साथीत नावारूपाला आलेल्या या संस्थेत १९७० च्या दशकात अग्रे शस्त्रक्रियेने थेट मज्जातंतूवर बसवली गेली. बाहेरचे यंत्र रेडिओलहरींनी त्यांना इशारा देई. रोज सकाळी अग्राची नेमकी जागा शोधण्याचा त्रास त्यामुळे वाचला. पण आत बसवलेली वस्तू सरकली किंवा बिघडली, तर पुन्हा शस्त्रक्रिया आली. बाहेरच्या यंत्रांच्याही तक्रारी होत्याच : टाचेपासून गुडघ्यापर्यंतची तार तुटे, त्वचेला खाज सुटे, अग्र बोटभर सरकले तरी पाऊल वाकडे उचलले जाई. पेसमेकर जगभर पसरला. हे यंत्र संशोधनकेंद्रांच्या आसपास घोटाळत राहिले. माझ्या मते याचे कारण केवळ तांत्रिक नाही. हृदय थांबणे हा मृत्यूचा प्रश्न होता. पाऊल घासत चालणे ही 'सोसण्याची' बाब मानली गेली, आणि सोसण्याच्या गोष्टींसाठी पैसा नेहमीच उशिरा येतो.

१५/
याच काळात वर्तमानपत्रांना हवा असलेला चमत्कारही घडला. १९८० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील राइट स्टेट विद्यापीठात जेरॉल्ड पेट्रोफ्स्की यांनी संगणकाच्या नियंत्रणाखाली दोन्ही पायांना विद्युत्-स्पंद देण्याची यंत्रणा तयार केली. मज्जारज्जूच्या दुखापतीने दोन्ही पाय गमावलेली नॅन डेव्हिस ही विद्यार्थिनी तिच्या आधाराने काही पावले चालली. १९८३ च्या पदवीदान समारंभात तिने असेच चालत जाऊन पदवी स्वीकारली. दूरचित्रवाणीवर तिच्यावर चित्रपटही निघाला. ते क्षण खरे होते. पण स्नायू लवकर थकत, आधाराची सामग्री अवजड होती आणि रोजच्या फिरण्यासाठी चाकांची खुर्चीच सोयीची ठरत राहिली. ल्युब्लियानात अ‍ॅलोइझ क्राल्य आणि तादेय बाइद यांनी त्याच दशकात बेताच्या साधनांनी हाच प्रश्न हाताळला. त्यांनी पेरोनियल मज्जातंतूला झटका देऊन, काटा रुतल्यावर पाय जसा आपोआप वर ओढला जातो तशी प्रतिक्षिप्त क्रिया जागवली आणि तिचेच पाऊल बनवले. तरी तेही वॉकर किंवा कुबड्यांच्या आधाराचे, थोड्या अंतराचे चालणे होते.

१६/
चमत्कारापेक्षा हिशेब पुढे नेतो. इंग्लंडमधील सॉल्झबरीच्या रुग्णालयात जेन बरिज, पॉल टेलर, इयन स्वेन आदींनी 'ओडस्टॉक ड्रॉप्ड फूट स्टिम्युलेटर' तयार केला आणि त्याची काटेकोर तपासणी केली. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पक्षाघाताचे ३२ रुग्ण होते. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे त्यांचे दोन गट केले : एकाला व्यायामोपचारांसह यंत्र, दुसऱ्याला केवळ व्यायामोपचार. यंत्र वापरणाऱ्यांचा चालण्याचा वेग सरासरी २०.५ टक्क्यांनी वाढला, दुसऱ्या गटाचा ५.२ टक्क्यांनी. चालताना शरीरावर पडणारा ताण पहिल्या गटात २४.९ टक्क्यांनी घटला, दुसऱ्यात अवघ्या १ टक्क्याने. आणि यंत्र बंद करून तपासले तेव्हा? पहिल्या गटातही लक्षणीय सुधारणा आढळली नाही. फ्रँकलिनने हा निकाल पाहून मान हलवली असती. सॉल्झबरीकरांनी मात्र यंत्र देणे चालू ठेवले. २००९ मध्ये ब्रिटनच्या 'नाइस' या मार्गदर्शक संस्थेने मेंदू वा मज्जारज्जूच्या विकारातून आलेल्या लोंबत्या पावलासाठी ही पद्धत नेहमीच्या वैद्यकीय दक्षतेसह वापरण्यास अनुकूलता दर्शवली. लिबरसन यांच्या निबंधाला तोवर ४८ वर्षे झाली होती.

१७/
एकविसाव्या शतकात तारही गेली. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात रिचर्ड स्टाइन यांच्या चमूने घडवलेल्या 'वॉकएड'मध्ये टाचेच्या बटणाऐवजी नडगीचा कल मोजणारा संवेदक आला. पाय मागे झुकला की यंत्राला कळते, आता पाऊल उचलायचे. 'नेस एल-३००' या यंत्रात टाचेचा संवेदक बिनतारी झाला. हा बदल कागदावर किरकोळ दिसतो. आपल्या घरांत तो किरकोळ नाही. टाचेखालचे बटण बूट गृहीत धरते. चपला दाराबाहेर काढून घरात, देवघरात, स्वयंपाकघरात अनवाणी वावरणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग घराबाहेरच्या चालण्यापुरता. गुडघ्याखालच्या पट्ट्यातच संवेदक असला की अनवाणी पाऊलही उचलले जाते. यंत्र कोणत्या देशात घडले, हे त्याच्या रचनेत असे लपून राहिलेले असते.

१८/
आता दुसरी बाजू. लोंबत्या पावलावर जुना उपाय आहेच : पोटरीमागून तळव्यापर्यंत जाणारी प्लास्टिकची आधारपट्टी, म्हणजे स्प्लिंट. ती स्वस्त, तिला चार्जिंग नको, बिघडण्यासारखे तिच्यात फारसे काही नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १९७ रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत दोन्ही गटांचा वेग ३० आठवड्यांत सुधारला आणि वेगाच्या मोजमापात दोघांत फरक आढळला नाही. २०१४ च्या ४९५ रुग्णांच्या चाचणीतही यंत्र आधारपट्टीपेक्षा उणे ठरले नाही, एवढाच मुख्य निष्कर्ष निघाला. मग इतका खटाटोप कशासाठी? २०१३ च्या चाचणीत रुग्णांचे समाधान मात्र यंत्राच्या बाजूने अधिक होते. आधारपट्टी पाऊल धरून ठेवते. यंत्र रुग्णाच्याच स्नायूकडून ते उचलून घेते. स्टॉपवॉचला हा फरक दिसत नाही. चालणाऱ्याला तो दिसतो. या दोहोंपैकी कुणाची साक्ष ग्राह्य धरायची, हा प्रश्न वैद्यकाइतकाच इतिहासाचाही आहे.

१९/
आपल्या भूमीवर या कथेला एक कडवट वळण आहे. मुंबईत हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ साली सुरू झाली. त्या काळातल्या आपल्या लुळ्या पायांमागची दोन मोठी कारणे होती पोलिओ आणि कुष्ठरोग. पोलिओ मज्जारज्जूतल्या त्याच पेशी मारतो ज्यांतून खालचा तंतू निघतो. कुष्ठरोगाचे जंतू पेरोनियल मज्जातंतूवर हल्ला करतात, तोही बहुधा गुडघ्याखालच्या त्याच वळणावर, जिथे लिबरसन यांनी आपले अग्र ठेवले होते. दोन्हींत टपालवालाच नाहीसा होतो; वरून कितीही निरोप पाठवा. त्यामुळे अमेरिकेत आणि युरोपात हे यंत्र आकार घेत असताना इथल्या पोलिओच्या मुलांच्या वाट्याला लोखंडी कॅलिपर आले. कुष्ठरुग्णांसाठी वेल्लोरला पॉल ब्रँड आणि महाराष्ट्रात डॉ. नोशिर अंतिया यांच्यासारख्या शल्यचिकित्सकांनी पुनर्रचनेच्या शस्त्रक्रियांची वाट धरली. तंतू शाबूत असलेल्या दुसऱ्या स्नायूचा कंडरा पावलाच्या पुढच्या बाजूला वळवून बसवायचा, म्हणजे तो स्नायू पाऊल उचलण्याचे नवे काम शिकतो. वीज लागत नाही, चार्जिंग लागत नाही आणि फ्रँकलिनने मागितलेला 'टिकाऊ' लाभ मिळतो.

२०/
आज चित्र पालटले आहे. मार्च २०१४ मध्ये भारताचा समावेश असलेला दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त घोषित झाला. वाढते आयुर्मान, रक्तदाब आणि मधुमेह यांच्या काळात पक्षाघात हे लुळेपणाचे मोठे कारण आहे, आणि पक्षाघातात तंतू जिवंत असतो. म्हणजे १९६१ चे यंत्र आपल्याकडे आता अधिक समर्पक झाले आहे. अडसर उरला तो किमतीचा, ते नीट बसवून देणाऱ्या प्रशिक्षित हातांचा आणि 'वाचला हेच खूप, आता सोसायचे' या मनोवृत्तीचा. सावधगिरीचे दोन शब्दही हवेत. हे यंत्र प्रत्येकासाठी नाही. पेसमेकर बसवलेला असेल, फेफरे येत असेल, वा तंतूच निकामी असेल, तर निर्णय तज्ज्ञ डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांनीच करायचा.

२१/
वैद्यकाचा इतिहास आपण सहसा विजयांच्या यादीसारखा वाचतो : देवी गेली, पोलिओ गेला, अमुक रोगावर लस आली. त्या यादीत गुडघ्याखालच्या या पट्ट्याला जागा नाही. त्याने कोणताही रोग हटवला नाही. तो सेकंदाला ३०-४० स्पंद पाठवतो, पाऊल दोन-चार बोटे वर येते, टाच टेकते आणि तो गप्प बसतो. पुढच्या पावलाला पुन्हा तेच. फ्रँकलिनच्या खुर्चीतून निराश होऊन घरी गेलेल्या माणसांना अंग बरे झालेले हवे होते, यात गैर काही नव्हते. पण त्यांच्यानंतरच्या पिढ्यांना मदत पोहोचली ती मदतीचे मोजमाप बदलल्यावर. तुमच्या घरात पक्षाघातातून उठलेले कुणी पाऊल घासत चालत असेल, तर 'हे आता असेच राहणार' असे ठरवण्याआधी पुनर्वसनतज्ज्ञाला एवढे जरूर विचारा : पाऊल बरे होईल की नाही ते पुढे पाहू, पण ते आज उचलता येईल का?